तिसरा घाव

खरं हाड बाहेर देत नाहीत.
कपाटाला कुलूप, कुलपाची वही, वहीत सही.
मी आणला त्याचा प्लास्टिकचा नमुना,
यंत्राने थरावर थर चढवून छापलेला,
स्वेटरमध्ये गुंडाळून विमानातून,
मग नागपूरहून एसटीत, मांडीवर.
कंडक्टर म्हणाला, मूर्ती आहे का?
मी म्हणाले, हो.

वॉलरसच्या कवटीचा पुढचा भाग.
आठशे वर्षांपूर्वी ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर
कुणीतरी दोन्ही सुळ्यांसकट तोडून घेतलेला,
म्हणजे गलबतात तोंड तेवढं चढेल,
बाकीचं धूड तिथंच, बर्फावर, कोल्ह्यांना.
मादी. वय तेवीस.
एवढं मी सांगू शकते. दाढेचा काप
कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ काढला
की भिंगाखाली रेषा दिसतात,
एक फिकी, एक गडद,
एक उन्हाळा, एक हिवाळा.
मोजताना श्वास धरून ठेवावा लागतो.

चिचटोल्यात मे महिना.
बोडी आटून अंगणाएवढी उरलेली,
तिच्यात सात म्हशी, नाकपुड्या तेवढ्या वर.
कूलरमध्ये पाणी आहे तर लाईन नाही.
बाबा खाटेवर, बनियन ओली करून घातलेली.
टेबलावर काय ठेवलंय ते पाहत नाहीत.

हे होणार, ठाऊक होतं.
छप्पन्नच्या दसऱ्यानंतर आज्याने
सुरी नदीत टाकली.
ओढणं बंद, सोलणं बंद.
गावाने मेलेला बैल आठ दिवस
आमच्या दारापुढे कुजत ठेवला,
तरी बंद.
बाबा तेव्हा अकरा वर्षांचे.
पुढे कधी हाडाला हात लावला नाही,
मटणातली नळीसुद्धा ताटात घेतली नाही.
आणि मी,
चौदा वर्षं शिकून, पांढरा कोट, हातमोजे,
तेच.
लग्नाकार्यात सांगतात, पोरगी परदेशात प्रोफेसर आहे.
कशाची, ते सांगत नाहीत.

तीनच्या सुमारास उठून बसले.
"खरं नोहोय ना हे?"
नाही बाबा. प्लास्टिक आहे.
नाकापाशी नेलं. बराच वेळ हुंगलं.
"वास नाही," म्हणाले,
आणि मांडीवर घेतलं.

अंगठा तुटलेल्या कडेवरून सरकत गेला,
थांबला, मागे आला.
"तीन घाव आहेत."
आम्ही दोन लिहिलेत, बाबा.
"तीन. पयला चुकला, हा पाह्य, निसटला.
नवखं पोट्टं होतं.
या अंगाले दुसरा कोणी बसला होता धरून,
म्हणून पुढचा घाव बरोबर बसला.
अन् हाड वलं होतं. वाळलं असतं
त चिरा गेल्या असत्या."
आणि कुऱ्हाड?
"बोथट. बाप पोराले
चांगली कुऱ्हाड देत नाही कधी."

बाहेर एक म्हैस उठली, पुन्हा बसली.
मी विचारलं नाही
तुमच्या वेळी कोण बसलं होतं धरून.

"पिलं होती का तिले?"
ते रेषांत कळत नाही, मी म्हणाले.
"मंग काय कळते?"

लाईन आली. कूलर खडखडला.
ते न्हाणीत गेले आणि हात धुतले,
साबणाने, दोनदा,
प्लास्टिकच्या त्या तुकड्यासाठी.
मी लॅपटॉप उघडून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
घाव तीन. पहिला निसटलेला.
आधार: वैयक्तिक संवाद,
लटारू चहांदे, मौजे चिचटोला.
वाचून दाखवलं.

"नाव नको," म्हणाले.
पंचाला हात पुसत राहिले, कोरडे झाले तरी.
मग दाराशी गेल्यावर, पाठमोरे,
"लिहाचंच असंल त
मधात दशरथ टाक.
सुरी त्याची होती."